आठवीतल्या मुलाला ‘सिंग स्ट्रीट’ दाखवावा का?

रविवार, रात्री

थोरला कधीपासून ‘सिंग स्ट्रीट’साठी मागे लागलाय. आमच्या गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणपतीतल्या, घुमट आरतीची तालीम सुरू झाल्यापासून तो वाड्यावरच्या मुलांबरोबर शामेळ (घुमटाच्या साथीचं तालवाद्य) वाजवतो. पोरं बँड काढतात एवढं कानावर आलं आणि त्याला दम धरवेना. आज दोघांनाही आजीकडे म्हार्दोळला धाडलं आणि आधी मी एकटीने पाहून घेतला.

जॉन कार्नी यांचा हा २०१६ चा सिनेमा १९८५ च्या डब्लिनमधला. घरात पैशांची ओढाताण, म्हणून कॉनरला चांगल्या शाळेतून काढून ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंघाच्या शाळेत घालतात. राफिना नावाच्या मुलीवर छाप पाडायला तो बँड असल्याची थाप मारतो आणि मग खरोखरच बँड काढावा लागतो. अमेरिकेत याला पीजी-१३ मिळालं, म्हणजे तेराच्या आतल्या मुलांसाठी आईबापांनी जपून ठरवावं. आपल्याकडेही २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे (पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या सिनेमांचे) वयाप्रमाणे ७, १३ आणि १६ असे टप्पे झालेत. त्याने अंदाज येतो, पण माझ्या मुलाच्या मनाला काय लागेल ते त्यातून कसं कळणार?

शिव्या आणि सिगारेटींचं मला एवढं वाटत नाही. शिव्या त्याच्या कानावर रोजच पडतात. माझा जीव कळवळला तो मुख्याध्यापकांच्या प्रसंगात. कॉनर तोंडाला रंग लावून शाळेत येतो, तर ते त्याला फरफटत नेऊन, बेसिनमध्ये डोकं दाबून तोंड धुतात. आणि राफिना आपल्या वडिलांच्या नको तशा वागण्याबद्दल एक वाक्य सहज बोलून जाते. मुलाला ते कळलं नाही तर ठीक. पण कळलं आणि तो गप्प बसला तर? त्या वेळी मी शेजारी हवीच.

आईबाप वेगळे होतात तेही मुलांच्या डोळ्यांदेखत. आयर्लंडमध्ये तेव्हा घटस्फोटाची सोय नव्हती. १९९५ च्या सार्वमतानंतर ती झाली. हे त्याला आधी सांगेन, नाहीतर ती माणसं अशी का अडकून पडलीत ते उमगणार नाही.

दाखवायचा तो मुख्यतः कॉनरच्या थोरल्या भावासाठी. ब्रेंडन स्वतः घरीच कुजतोय, तरी धाकट्याला रेकॉर्डी ऐकवतो, त्याची गाणी तपासतो, आणि एकदा मनातलं सगळं भडाभडा ओकतो: वाट मी मोकळी केली, चाललास तू. इतका खरा भाऊ मी पडद्यावर क्वचितच पाहिलाय.

शेवट मात्र मला पटत नाही. दोन पोरं लहानशा होडीतून समुद्र ओलांडून इंग्लंडला निघतात आणि सिनेमा त्यांच्या बाजूने उभा राहतो. पावसाळ्यात मालिमच्या मच्छीमारी जेटीवर ट्रॉलर बांधून का ठेवतात हे आमच्या पोरांना ठाऊक आहे. तिथे थांबवून त्यालाच विचारणार, तू गेला असतास का?

तेव्हा ठरलं. थोरल्याला शनिवारी, माझ्याबरोबर. धाकटी चौथीत आहे, तिला अजून तीन-चार वर्षं नाही. शामेळवाल्या दोस्तालाही बोलाव म्हणतोय; त्याच्या आईला उद्या फोन करून बेसिनचं आणि राफिनाचं सांगते, मग ती काय ते ठरवील.