सिंगापूरला जाताय? बेत उन्हाकडे बघून आखा

सिंगापूरची सहल म्हटली की आपल्याकडच्या टूर कंपन्यांची यादी ठरलेली असते. युनिव्हर्सल स्टुडिओजचं थीम पार्क, सेंटोसा बेट, नाइट सफारी, सिंहमुखी मर्लायनच्या पुतळ्यासमोर फोटो, मुस्तफा मॉलमध्ये खरेदी. यातलं काहीच वाईट नाही, पण अख्खी यादी तिकिटांवर बेतलेली असते. आम्ही सासूबाई आणि शाळकरी लेकीला घेऊन स्वतःच बेत आखून गेलो. परतल्यावर माझं मत पक्कं झालंय की चार-पाच दिवसांचं सिंगापूर उन्हाकडे बघून आखावं. या शहरातल्या फार चांगल्या गोष्टी फुकट किंवा अगदी स्वस्त आहेत. फक्त त्या योग्य वेळी गाठाव्या लागतात.

हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम १३७ किलोमीटरवर आहे. त्यामुळे हिवाळा-उन्हाळा असा फरक जवळपास नाहीच. बारा महिने मुंबईच्या ऑक्टोबरसारखा घाम, आणि सूर्य वर्षभर साधारण सातला उगवून सातला मावळतो. दुपारी ढग दाटून येतात आणि विजांसह धो-धो पाऊस पडतो. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जास्त. म्हणून सकाळी बाहेर, दुपारी छपराखाली आणि अंधार पडता पडता पुन्हा बाहेर, असा दिवस लावा. सोबत म्हातारं माणूस असेल तर याला पर्यायच नाही. छत्री मात्र चोवीस तास पिशवीत हवी.

आधी कागदपत्रांचं बघू. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटमार्फत काढायचा असतो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटचे पैसे. दोन-चार एजंटांकडे विचारा, आकडे बरेच वेगळे ऐकू येतात. दुसरी गोष्ट म्हणजे 'एसजी अरायव्हल कार्ड'. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते पूर्ण मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट शोधात वर दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. सरकारी इमिग्रेशन खात्याच्या साइटवर किंवा अ‍ॅपवरच भरा. औषधं नेताना डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेली औषधं असतील तर आधी परवानगी लागू शकते, ते निघण्यापूर्वी तपासून घ्या. ई-सिगारेटवर पूर्ण बंदी आहे, च्युइंग गमही नेऊ नका. प्लगला तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो, तो इथूनच घेतलेला बरा.

त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. मुंबईहून रात्रीच्या विमानाने निघालात की सकाळी पोचता आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. सामान रिसेप्शनवर ठेवून घेतात. पण रात्रभर नीट झोप झालेली नसते, त्यामुळे त्या दिवशी कुठलंही महागडं तिकीट काढू नका. जवळपास हिंडा, जेवा, दुपारी झोपा आणि संध्याकाळी बाहेर पडा.

राहण्यासाठी लिटिल इंडिया, फॅरर पार्क किंवा बुगिस हा पट्टा मला सगळ्यात सोयीचा वाटला. खोल्या लहान असतात, त्याची तयारी ठेवा. पण मेट्रो पायाशी, शाकाहारी जेवण हाकेच्या अंतरावर आणि रात्री उशिरापर्यंत जाग. सेरंगून रोडवरचं 'कोमला विलास' १९४७ पासून चालू आहे. केळीच्या पानावरचं जेवण आणि डोसा, दोन्ही मनापासून खावं असं. टेक्का सेंटरमध्ये खाली बाजार आणि बाजूला खाण्याचे गाळे आहेत. तिथे सकाळी नारळ, कढीपत्ता, अळूची पानं रचून ठेवलेली बघून सासूबाई भाव विचारत सुटल्या.

मेट्रोला तिथे एमआरटी म्हणतात. वेगळं कार्ड काढायची गरज नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप करता येणारं बँकेचं कार्ड थेट गेटला लावायचं, उतरताना पुन्हा लावायचं. परदेशी कार्डावर थोडं जादा शुल्क कापतात. दिवसभर भटकायचं असेल तर ते जाणवत नाही. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड हवं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. बसमध्येही चढताना-उतरताना टॅप करायचं. रोख दिलीत तर सुटे परत मिळत नाहीत. गाडीत आणि स्टेशनात खाणं-पिणं मना आहे, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे आणि त्यात पाण्याचा घोटसुद्धा आला. तहान लागली तर बाहेर पडून प्या. नळाचं पाणी कुठेही निर्धास्त पिता येतं, म्हणून रिकामी बाटली बरोबर ठेवली की पुरे.

लहान मूल असेल तर आणखी एक. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना गाडीत चाइल्ड सीट कायद्याने लागते. टॅक्सीला यातून सूट आहे, अ‍ॅपवरून येणाऱ्या खासगी गाड्यांना नाही. त्यामुळे मूल बरोबर असताना अ‍ॅपमध्ये टॅक्सीचाच पर्याय निवडा.

आता संध्याकाळ. माझ्या मते सिंगापूरची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे मरिना बे या खाडीकाठची संध्याकाळ, आणि तिचा मुख्य भाग फुकट आहे. गार्डन्स बाय द बेमध्ये २५ ते ५० मीटर उंचीची पोलादी झाडं आहेत, सुपरट्री. त्यांच्या अंगावर खऱ्या वेली आणि नेचे वाढवलेले आहेत. काहींच्या माथ्यावर सौर पॅनेल आहेत, तर काही चक्क धुराडी आहेत. बागेतल्या पालापाचोळ्यावर चालणाऱ्या ऊर्जाकेंद्राची हवा त्यांच्यातून बाहेर पडते. रोज ७.४५ आणि ८.४५ ला तिथे दिव्यांचा आणि संगीताचा खेळ होतो. ७.४५ चाच पकडा. पंधरा मिनिटं आधी जाऊन झाडांखाली सरळ पाठीवर आडवं व्हा. तिथे सगळे तेच करतात, संकोच नको. खेळ संपला की ड्रॅगनफ्लाय पुलावरून मरिना बे सँड्स या हॉटेल-मॉलच्या आतून पलीकडे पाण्याकाठी या. नऊला तिथे 'स्पेक्ट्रा' हा कारंज्यांचा खेळ असतो, तोही फुकट. दोन्हींच्या मध्ये रमतगमत चालायला आणि काहीतरी खायला भरपूर वेळ मिळतो. गर्दी टाळायची तर शनिवार सोडून जा.

त्याच बागेतले दोन काचघुमट मात्र तिकिटाचे. एकच करायचा तर क्लाउड फॉरेस्ट करा. आत शिरताच ३५ मीटरचा धबधबा अंगावर येतो. लिफ्टने वर जायचं आणि उतरत्या वाटेने हळूहळू खाली यायचं, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही झेपतं. भर दुपारी दोन-तीनला जा. बाहेर काहिली असते आणि आत गारवा. पातळ शाल जवळ असू द्या. हे घुमट देखभालीसाठी अधूनमधून बंद असतात, म्हणून तारखा आधी बघून घ्या.

बागेच्या टोकाला मरिना बॅरेज हा बांध आहे. सहलवाले सहसा तिथे नेत नाहीत आणि मला ते फार खटकतं. सिंगापूरला स्वतःचं पाणी पुरेसं नाही. १९६२ च्या करारानुसार मलेशियातल्या जोहोरहून पाणी येतं आणि तो करार २०६१ ला संपतो. म्हणून या लोकांनी पावसाचा थेंब न् थेंब अडवायचा, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं आणि समुद्राचं खारं पाणी गोडं करायचं असे मार्ग उभे केले. २००८ मध्ये खाडीच्या तोंडाशी हा बांध घातला आणि भर शहरातली खाडी गोड्या पाण्याचा तलाव झाली. आपण ज्या पाण्याकाठी दिवे बघतो ते पिण्याच्या पाण्याचं धरण आहे! बॅरेजच्या छतावर मोठी हिरवळ आहे. संध्याकाळी घरोघरची माणसं तिथे पतंग उडवायला येतात. आमची लेक तिथे एका अनोळखी मुलाच्या पतंगाची फिरकी धरून उभी होती, युनिव्हर्सलची आठवणसुद्धा काढली नाही.

सकाळसाठी बोटॅनिक गार्डन्स. १८५९ पासूनची बाग, २०१५ पासून युनेस्कोच्या वारसायादीत, आणि प्रवेश फुकट. फक्त आतल्या ऑर्किड बागेला तिकीट आहे, ते जरूर काढा. साडेसात-आठला पोचलात तर ताई-ची करणारी आजी-आजोबा मंडळी दिसतील. साडेदहानंतर ऊन तापतं, तेव्हा परतायचं.

दुसरी सकाळ वॉटर्लू स्ट्रीटला द्या. बुगिस स्टेशनपासून थोडंच चालावं लागतं. तिथे क्वान इम या करुणेच्या देवीचं चिनी देऊळ आणि कृष्णाचं देऊळ अगदी शेजारी-शेजारी आहेत. चिनी भाविक आधी क्वान इमपुढे उदबत्त्या लावतात आणि मग कृष्णापुढेही येतात. एक आजीबाई तीन उदबत्त्या कपाळाशी नेऊन, डोळे मिटून, ओठांत काहीतरी पुटपुटत उभ्या होत्या. सासूबाई हळूच म्हणाल्या, "बघ गं, मागणं आपलंच दिसतंय, नातवंडांसाठी." दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी निघताना दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. जवळच्या फॉर्च्यून सेंटर या जुन्या इमारतीत चिनी शाकाहारी खाण्याची बरीच दुकानं आहेत. रोज डोसा खाऊन कंटाळलेल्यांसाठी ही मोठीच सोय.

खाण्याबद्दल जरा सविस्तर. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली शेकडो लोकांचं जेवण. त्या संस्कृतीला युनेस्कोने २०२० मध्ये मान दिला. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरून ठेवली आहे असं समजायचं. जेवण झालं की आपला ट्रे आपणच नेऊन ठेवायचा; तसा नियम आहे आणि दंडही आहे. शुद्ध शाकाहारी असाल तर सांबाल चटणी सांभाळून घ्या, तिच्यात बहुधा सुकवलेली कोळंबी असते. फक्त 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. अंडं, मासळी, कोळंबी नको असं एकेक नाव घेऊन सांगा. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे. एसी रेस्टॉरंटच्या मेन्यूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी चढतो. टीप द्यायची पद्धत नाही.

इतिहासात रस असेल तर पाडांगच्या मैदानाला अर्धा तास द्या. ५ जुलै १९४३ ला नेताजींनी इथे आझाद हिंद सेनेची पाहणी केली आणि 'चलो दिल्ली'ची हाक दिली. ज्या इमारतीसमोर ती कवायत झाली तिथे आता नॅशनल गॅलरी आहे. समोरच्या एस्प्लनेड पार्कमध्ये सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारक १९४५ मध्ये परतलेल्या ब्रिटिशांनी पाडलं, सध्याची खूण १९९५ ची. झाशीच्या राणीच्या नावाची महिलांची पलटणही याच शहरात उभी राहिली. आम्ही लेकीला हे सगळं तिथे उभं राहून सांगितलं, आणि पुढचा प्रश्नांचा भडिमार हॉटेलपर्यंत चालू होता.

एक दुपार चायनाटाऊनजवळच्या सिटी गॅलरीला द्या. अख्ख्या शहराची प्रतिकृती, एसी, प्रवेश मोफत, रविवारी बंद. पुनर्विकासाच्या खोळंब्यात अडकलेल्या मुंबई-ठाणेकरांनी तर ती बघायलाच हवी. मग मेट्रोने तोआ पायोला उतरून सरकारी घरांच्या वस्तीत फेरफटका मारा. इथली दहांपैकी जवळजवळ आठ माणसं अशाच सरकारी इमारतींत राहतात. तळमजला मोकळा सोडलेला, तिथे बुद्धिबळ खेळणारे आजोबा, वर खिडक्यांतून बाहेर काढलेल्या काठ्यांवर वाळणारे कपडे. प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचं प्रमाण १९८९ पासून ठरवून दिलेलं आहे, म्हणून कुठलीच वस्ती एका समाजाची होत नाही.

सेंटोसा आणि युनिव्हर्सल? मुलं दहा-बारा वर्षांची असतील आणि हट्ट असेल तर पूर्ण एक दिवस वेगळा ठेवा, अर्ध्या दिवसात पैसे वाया जातात. नाहीतर तोच दिवस मंडाईच्या प्राणिसंग्रहालयाला द्या. सकाळी उघडताच आत शिरा आणि दुपारच्या पावसाआधी बाहेर पडा. नाइट सफारी चांगली आहे, पण त्याच दिवशी दोन्ही करू नका. पाय बोलू लागतात.

परतीच्या दिवशी ज्युएल हा मॉल बघायचा राहू देऊ नका. चांगी विमानतळाला लागूनच आहे आणि ४० मीटरचा धबधबा थेट काचेच्या छतातून कोसळतो. पण सकाळी लवकर तो बंद असतो, आणि एकदा इमिग्रेशन पार केलं की तिकडे परत येता येत नाही. म्हणून विमान रात्रीचं असेल तर संध्याकाळी बॅगा सामानघरात ठेवून आधी तिथेच जा, अंधार पडल्यावर त्यावर दिवेही सोडतात. १०० डॉलर किंवा त्याहून जास्तीची खरेदी केली असेल आणि दुकानात पर्यटक म्हणून पासपोर्ट दाखवून नोंद केली असेल, तर जीएसटीचा परतावा मिळतो. त्याचं यंत्र चेक-इनच्या आधीच लागतं. तपासणीला वस्तू दाखवायला सांगू शकतात, तेव्हा त्या मोठ्या बॅगेत कोंबून बॅग सोडण्यापूर्वी हे काम उरकून घ्या.