पद्मिनी अपडेट: व्हेपर लॉक नव्हतंच, कॉइल होती

राजेहो, सापडलं! माझी पद्मिनी मोटार चालता चालता बंद पडायची. मागच्या तीन अपडेटमध्ये मी ज्याला व्हेपर लॉक (उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) म्हणत होतो, ते व्हेपर लॉक नव्हतंच. इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग, तापली की आतून तुटत होती.

लक्षण तुम्हाला माहीत आहे. सकाळी एका चाबीत सुरू, १५-२० मिनिटं झकास, मग एकदम बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. नागपूरचा मे, पारा ४५च्या वर, संशय पेट्रोलवरच जाणार. फ्युएल पंपाला ओलं फडकं, टाकीच्या झाकणाचं भोक साफ, सगळं करून झालं. पण तपासणी दर वेळी घरी, गाडी गार झाल्यावर. आणि गार गाडीत सगळं ठीकच दिसतं.

रविवारी वर्धा रोडवर बंद पडली, तेव्हा तिथेच बॉनेट उघडलं. एअर क्लीनर काढून थ्रॉटल ओढला. ॲक्सिलरेटर पंपाची धार व्यवस्थित, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे. मग कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग) काढून लाकडी चिमट्याने ब्लॉकपासून ६-७ मिमीवर धरली, धाकट्याने सेल्फ मारला. ठिणगीच नाही.

"काऊन भाऊ, गरम झाली का?" बाजूला थांबलेल्या ऑटोवाल्याने विचारलं. "हो, आणि बरं झालं," म्हटलं, आणि टेस्ट लॅम्प काढला. कॉइलच्या प्लसवर उजेड, मायनसवर अंधार. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) मिटलेले असले किंवा त्यांच्या जोडीचा कंडेन्सर शॉर्ट असला तरी असंच दिसतं, म्हणून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायरच सोडवली. तरी अंधार. म्हणजे कॉइलची प्रायमरी, बॅटरीचा करंट जाते ती आतली गुंडाळीच तुटलेली.

घरी खात्री केली. गार कॉइल ३.१ ओहम. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कढत पाण्यात ठेवली, दहा मिनिटांत मीटरवर 'ओएल', म्हणजे सर्किट तुटलेलं. गार झाली की परत ३.१. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. इतक्या दिवसांनी एखादी गोष्ट स्वच्छ उत्तर देते, त्याचं सुख तुम्हालाच कळेल.

नवी कॉइल घेताना दुकानदाराने दीड ओहमची हाती दिली, "सगळ्यात चालते" म्हणून. ती बॅलास्ट रेझिस्टरसोबत (करंट आवरणारा वेगळा रेझिस्टर) लावायची. थेट १२ व्होल्टवर लावली तर दुप्पट करंट जाऊन पॉइंट जळतील. मीटर खिशात होता म्हणून वाचलो. दुसऱ्या दुकानात ३ ओहमची मिळाली. काल भर दुपारी काटोल रोडवर ४० किमी, एकदाही अडखळली नाही.

आता पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता एक आठवलं. एप्रिलमध्ये टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) लावताना इग्निशन ऑन ठेवून, पॉइंट मिटलेल्या अवस्थेत, मी अर्धा तास डिस्ट्रिब्युटरशी झटत होतो. १२ भागिले ३, म्हणजे जवळपास ४ अँपिअर सतत कॉइलमधून! ती तिथेच भाजली असणार. मग पॉइंटचा काय दोष? किट रद्द. यापुढे टायमिंग लावताना इग्निशन बंद, डिस्ट्रिब्युटरची वायर सोडवलेली, आणि पॉइंट कधी उघडतात ते मल्टिमीटरच्या बझरवर ऐकायचं.

जुनी कॉइल ठेवली आहे. आतलं तेल काढून कापणार, सांधा नेमका कुठे सुटला ते बघायचंय. फोटो पुढच्या अपडेटमध्ये.