एकाच घरातले दोन स्वभाव, दोन शैली

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख या व्यक्तिमत्त्वप्रकारांची मांडणी केली, तेव्हापासून लेखकाची शैली त्याच्या स्वभावातून येते असे म्हणणे सोपे झाले आहे. ते पडताळणे मात्र अवघड, कारण दोन लेखक शेजारी ठेवले की त्यांचे घर, गाव, भाषा, संस्कार सगळेच निराळे निघते आणि शैलीतला फरक नेमका कशामुळे पडला हे ठरवता येत नाही. आम्हा सांगलीकरांना ही अडचण पडू नये. आमच्याच जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात, माणदेशच्या कोरड्या मुलखात, ग. दि. माडगूळकर (जन्म १९१९) आणि व्यंकटेश माडगूळकर (जन्म १९२७) हे सख्खे भाऊ एकाच घरात वाढले. आणि १९५५ या एकाच वर्षी थोरल्याचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले, तर धाकट्याची ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली.

‘गीतरामायणा’तील ५६ गीतांत कवी स्वतःविषयी बोलत नाही. तो कौसल्येच्या, अहल्येच्या, शबरीच्या मुखाने बोलतो, आणि ज्याच्या मुखाने बोलतो त्याचे दुःख किंवा धन्यता पुरती ओसंडेपर्यंत थांबत नाही. ‘बनगरवाडी’त याच्या नेमके उलट घडते. तिथला निवेदक, तो तरुण मास्तर, ‘मी’ म्हणूनच सांगतो. पण आपल्या मनाविषयी तो फार थोडे बोलतो. कारभारी, आनंदा रामोशी, मेंढरे, माळ यांच्याकडे तो छोट्या, आटोपशीर वाक्यांत पाहत राहतो, आणि दुष्काळाने वाडी उठते तेव्हाही आक्रोश करत नाही. माझ्या मते स्वभाव दिसतो तो इथे: भावना कुठवर बोलू द्यायची आणि कुठे आवरायची, या निवडीत.

म्हणूनच शब्द मोजून स्वभाव ओळखण्याच्या पद्धतीवर मी पूर्ण विसंबत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि लॉरा किंग यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की विषय आणि काळ बदलला तरी माणसाची शब्द वापरण्याची रीत बरीचशी टिकून राहते, आणि हा निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु स्वभावाच्या चाचण्यांशी तिचा संबंध त्यांनाही माफकच आढळला. ‘मी’ किती वेळा आला एवढेच मोजले, तर या दोन भावांपैकी धाकटाच अधिक आत्ममग्न ठरेल, आणि त्याला वाचलेल्या कोणालाही हे पटणार नाही.

अर्थात सगळेच श्रेय स्वभावाला देणे अन्यायाचे होईल. दर आठवड्याला प्रसारित होणारे, सुधीर फडके यांच्या चालीत गायले जाणारे गीत लाखो श्रोत्यांना एका ऐकण्यात भिडावे लागते. तिथे संयम हा गुण ठरत नाही. कादंबरीच्या वाचकाला थांबता येते, मागे जाता येते. तरीही, माध्यमाने सगळे ठरवले असे म्हणावे, तर व्यंकटेश यांच्या पुढच्या वाटचालीचा उलगडा होत नाही. तेही आकाशवाणीतच नोकरीला होते, त्यांनी नाटकेही लिहिली, म्हणजे श्रोत्या-प्रेक्षकांशी बोलण्याची सवय त्यांनाही होती. पण उत्तरोत्तर ते जंगलात रमले, रेखाटने करू लागले, आणि १९८२ च्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष त्यांनी त्याच अलिप्त, बारीक नजरेने लिहून काढला.