ओले हात

"बाय, हात पुसायला सवड असती तर तुझं ॲप कशाला लागलं असतं?" काल संध्याकाळी हर्णै बंदरावर, लिलाव ऐन रंगात असताना, एका मासळीवाल्या मावशींनी मला विचारले.

मला कोडिंग येत नाही. म्हणून पैसे घालून ॲप बनवून घेण्याआधी, होमस्टेवाल्यांची मागणी थेट विक्रेतीच्या फोनवर दाखवणारा नमुना मी फिग्मा या डिझाइनच्या साधनात नुसत्या स्क्रीन जोडून तयार केला होता. मावशींनी 'स्वीकारा' या बटणावर तीनदा बोट टेकवले, पण ओल्या बोटाला स्क्रीनने दाद दिली नाही आणि काचेवर मासळीचा एक खवला तेवढा चिकटून राहिला.

ॲप वापराल का, हे विचारायला मी आधी पाठवलेल्या गूगल फॉर्ममध्ये 'नक्की वापरू' लिहिणारे सगळे कोरड्या हातांनी, पंख्याखाली बसून लिहीत होते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. (प्रश्नही मी असे विचारले होते की नाही म्हणणे अवघड व्हावे.)

१ जूनला यांत्रिक मासेमारीवर पावसाळी बंदी लागण्यापूर्वी आठवडाभर, व्हॉट्सॲपवर आलेली मागणी मी स्वतः बंदरावर उभी राहून मावशींना ओरडून सांगणार आहे. तशी मासळी खपली, तरच डेव्हलपरला फोन करीन. दापोली परिसरातले कोणी होमस्टेवाले या आठवड्यापुरते सोबत येतील का?