झाडीची भीती घालतात, होडीचं कुणी सांगत नाही

नर्मदा परिक्रमेला निघतोय म्हटल्यावर भेटेल त्याने एकच विचारलं, शूलपाणीच्या झाडीचं, म्हणजे वाटेतल्या त्या जंगलाचं, काय करणार? पैसे नेऊ नका, घड्याळ काढून ठेवा, बायका सोबत असतील तर मंगळसूत्र घरी, तिथे अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतात. झाडीत आमच्या केसालाही धक्का लागला नाही. खरा वैताग पुढे, हांसोट ओलांडल्यावर, नर्मदा समुद्राला मिळते तिथे बसलेला असतो. आणि त्याबद्दल विचारलं की परिक्रमा करून आलेले अनुभवी लोक "मैया पार करवून घेते" म्हणून मोकळे होतात. घेते, कबूल. पण भरती-ओहोटीचं कोष्टक ती कुणाच्या हातात देत नाही, म्हणून हे लिहितोय.

पाठपिशवी कशी भरायची, बूट कुठले, पायाला फोड आले तर काय, यात शिरत नाही. रोजचं वीस-पंचवीस किलोमीटर जमत नसेल तर अजून घरीच सराव करा. आम्ही परिक्रमा ओंकारेश्वरहून उचलली, म्हणजे सुरू केली, दक्षिण तटाने, मैया उजव्या हाताला. सोबत मावसभाऊ.

आधी झाडीचं उरकतो. जुनी काठाकाठाची वाट आता राहिलेली नाही. सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटरपर्यंत गेली आणि काठ, गावं, जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ, सगळं पाण्यात गेलं. आता बडवानीनंतर सातपुड्याच्या डोंगरांतून जावं लागतं: घोंगसा, भादल, मग महाराष्ट्रात बिलगाव, धडगाव, काठी, मोलगी, आणि पुढे गुजरातेत गोऱ्याला उतरायचं. त्रास आहे तो चढाचा आणि फाट्यांचा. पाडे विखुरलेले, एकेक घर आपापल्या टेकडीवर. वाट विचारली की हात वर करून "हे समोर" म्हणतात आणि ते समोर दोन डोंगर पलीकडे निघतं. नंदुरबार जिल्हा म्हणजे आपलीच भाषा असं धरून चालू नका. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांशी पावरी किंवा भिलीच बोलावी लागते, शाळेत जाणारं पोर गाठलं तर मराठी चालते. असाच एक पोरगा खिंडीपर्यंत पुढे चालत आला, पैसे देऊ केले तर हसत मागे पळाला. ज्यांची गावं धरणाखाली गेली त्यांनाच चोर ठरवून आपण तिथून जातो, हे जरा लाजिरवाणंच आहे. झाडी हमरस्त्याने टाळू नका. दोन लिटर पाणी जवळ असू द्या, उजाडायच्या आत निघा, एवढं पुरे.

गोऱ्यापासून अंकलेश्वरपर्यंत सुख. केळीच्या बागा, भालोदचा एकमुखी दत्त, दर गावात "कितनी मूर्ती?", म्हणजे किती जण, विचारून पानं वाढणारे लोक. लिहिण्यासारखं काही नाही.

आता मुद्द्याचं. परिक्रमेत मैया ओलांडायची नाही, म्हणून मुखापाशी होडीने समुद्रात शिरून पलीकडच्या तटाला लागायचं. इकडे विमलेश्वर-कतपोरचा किनारा, तिकडे दहेजजवळ मिठी तलाई. नकाशावर बोटभर अंतर. पण हे खंबातचं आखात आहे, आणि देशातली सगळ्यात उंच भरती याच आखातात येते. ओहोटीला होडी चिखलात बसलेली असते आणि पाणी कुठे दिसतही नाही. भरतीचं पाणी खाडीत आलं की होडी तरंगते. पलीकडे उतरतानाही पाणी लागतंच. म्हणजे निघायची वेळ तुम्ही ठरवत नाही, होडीवालाही ठरवत नाही.

आम्ही दोघं अलिबागकडचे, त्यामुळे एवढं तरी कळत होतं. बाकीच्यांना "आज नाही, उद्या" का म्हणतात तेच समजेना आणि ते विमलेश्वरच्या पुजाऱ्यावर चिडत होते. हिशेब सोपा आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणजे काल पहाटे होड्या सुटल्या तर आज त्यानंतर तासाभराने. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, आणि ते नंतरही एक-दोन दिवस चढलेलं असतं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती कमी, पाणी उथळ, होड्या थांबवून ठेवतात. घरून निघताना पंचांग बघता ना? मग भालोदला पोचलात की पुन्हा बघा. सप्तमी असेल तर घाई करून विमलेश्वरला जाऊन बसू नका, भालोदलाच आसन लावा, तिथे निदान सावली आहे. त्रयोदशीच्या सुमाराला विमलेश्वरला पोचलात तर उत्तम. आमची तिथी चुकीची पडली आणि डासांनी फोडून काढलं.

त्यात बसवाल्या यात्रा. पन्नास-पन्नास माणसं एकदम उतरतात, त्यांची गाडी ड्रायव्हर भरूचच्या पुलावरून पलीकडे नेतो, आणि ही मंडळी होडीत आपल्या आधी. रांग म्हणावी तर रांग नाही. फाटकाशी पांढऱ्या सदऱ्यातला एकजण उभा होता. तो ना होडीवाला, ना देवळाचा. बसची पार्टी आहे, तुमचा नंबर उद्याही लागणार नाही, जरा वर द्या म्हणजे आजच बसवतो. जळगावकडचे दोघे म्हातारे बाबाजी आमच्यापुढे होते, त्यांनी गपचूप दुप्पट दिले. शेवटी तेही आमच्याच होडीत आणि आमच्याच फळीवर गुडघ्याला गुडघा लावून. भाडं बदलत राहतं म्हणून आकडा देत नाही. जिथे नावं लिहून घेतात आणि आधारची झेरॉक्स मागतात तिथेच दर विचारा, तिथेच पैसे द्या. बाहेर कुणाला दमडी देऊ नका, कितीही गोड "नर्मदे हर" म्हणाला तरी. झेरॉक्स आधीच काढून ठेवा, तिथे मशीन शोधत फिरायची वेळ येते.

होडी म्हणजे मासेमारीची उघडी होडी. छत नाही, संडास नाही. तीन-चार तास धरून चाला, वाळूच्या पट्ट्यावर रुतली तर जास्त. आमची रुतली. नाखव्याने इंजिन बंद केलं, होडी एका अंगाला कलली आणि सगळे एकदम डावीकडे सरकले, तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला. पाणी चढेपर्यंत तसंच बसायचं. लाइफ जॅकेटं होती, पण निम्म्यांनी उशाला घेतली होती. घाला ती. उलटीचा त्रास असेल तर गोळी किनाऱ्यावर असतानाच घ्या आणि निघायच्या आधी पोट भरून जेवू नका. बायकांसाठी आडोसा म्हणून कुणीही काही केलेलं नाही, दोन जाड चादरी आणि चार जणी मिळून काय ते जमवावं लागतं. हे स्पष्ट लिहायला लोक का लाजतात कळत नाही. पहाटे गार वारा झोंबतो, कानटोपी पिशवीत वर ठेवा.

मध्ये रत्नसागर, म्हणजे मैया मिळते तो समुद्र, आला म्हणून होडी मंदावते. नारळ सोडतात, सोबत आणलेल्या कुपीतलं मैयाचं थोडं पाणी ओततात, समुद्राचं भरून घेतात. सगळे रडतात. मीही रडलो, त्यामुळे तेवढा वेळ होडीबद्दलचं माझं मत ग्राह्य धरू नका.

पलीकडे चिखलात उतरायचं. बूट गळ्यात बांधा, पण पाय घासत, सावकाश टाका. चिखलात शिंपले आहेत आणि मावसभावाची टाच चांगली बोटभर फाटली. आयोडीन वरच्या खिशात असू द्या.

मिठी तलाईला पाणी मिळतं, तिथे सगळ्या बाटल्या भरा. पुढे मिठागरं आणि दहेजचे रासायनिक कारखाने. झाड नाही, टँकर अंगावरून जातात, नाकात वास बसतो. संपूर्ण परिक्रमेतला सगळ्यात रुक्ष पट्टा हा आणि पुस्तकांतून तो एका ओळीत संपतो. होडीतून उतरल्याच्या आनंदात लगेच चालायला लागू नका, दुपार असेल तर मिठी तलाईलाच मुक्काम करा आणि पहाटे सुव्याच्या दिशेला लागा. रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, समोरचा टँकर दिसतो. तोंडाला ओलं उपरणं बांधा. भरूच येईपर्यंत असंच आहे, मग झाडेश्वरला पोचल्यावर खुशाल दोन दिवस झोपा.