दुष्काळात फुटलेला बांध

२५-२६ ऑगस्ट २००३ च्या मधल्या रात्री नेदरलँड्समधल्या विल्निस गावात कालव्याचा बांध फुटला. पूर नव्हता, वादळही नव्हतं. उन्हाळा कोरडा गेला होता आणि कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचा तो बांध वाळून इतका हलका झाला, की कालव्यातल्या पाण्यानेच त्याला बाजूला सारलं. घरांत पाणी शिरलं, लोकांना हलवावं लागलं. मी पैठणकडची. दुष्काळ म्हटलं की टँकर, हंड्यांची रांग आणि तळ गाठलेल्या विहिरी. दुष्काळाने पूर येतो, हे मला इथे आल्यावर कळलं.

हा देश शतकानुशतकं पाणी उपसून समुद्रात टाकत आला. आता तेच पाणी धरून ठेवायची वेळ आली आहे. इथलं बरंचसं गोडं पाणी ऱ्हाइन नदी आणते आणि ऱ्हाइनला उन्हाळ्यात आल्प्सचा बर्फ मोठा आधार देतो. २०२२ च्या एकाच वर्षात स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांनी आपलं सुमारे ६ टक्के बर्फ गमावलं. त्याच वर्षी ३ ऑगस्टला डच सरकारने पाणीटंचाई अधिकृतपणे जाहीर केली. जर्मनीतून नदी जिथे देशात शिरते त्या लोबिथला सरासरी प्रवाह सेकंदाला २,२०० घनमीटरच्या आसपास असतो. त्या महिन्यात तो ७०० च्याही खाली गेला.

नदीचा जोर ओसरला की समुद्र आत सरकतो. खारं पाणी रॉटरडॅमकडून वर चढत गौडापर्यंत येतं, आणि त्याच भागातल्या बोस्कोपमध्ये रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत, ज्यांना थोडंसं मीठही सोसत नाही. मग पाणी आत घ्यायचं नेहमीचं दार बंद करून दुसऱ्या कालव्यांनी आडवळणाने गोडं पाणी आणावं लागतं. समुद्रालगतच्या झेलँड प्रांतात तर तीही सोय बऱ्याच ठिकाणी नाही. तिथे जमिनीखाली खारं पाणी आहे आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो. त्या थराच्या भरवशावर कांदा पिकतो. आपल्या लासलगावचे व्यापारी ज्या डच कांद्याशी परदेशी बाजारात स्पर्धा करतात, तोच. २०१८ ला पाऊस दडून बसला तेव्हा कांदा आणि बटाटा दोन्ही मार खाऊन गेले.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती इथली एक यादी. १९७६ च्या भीषण दुष्काळानंतर यांनी पाणी कमी पडलं तर कोणाला आधी द्यायचं, याचा क्रम ठरवला. पहिले बांध आणि जे एकदा गेलं की परत येत नाही ते, म्हणजे खचणारी जमीन, दलदलीतला निसर्ग. मग पिण्याचं पाणी आणि वीज. मग थोड्या पाण्यात वाचणारी मोलाची पिकं. बाकीची शेती, जहाजं, कारखाने शेवटी. शेतकरी खूश असतात असं नाही. पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या वाळूच्या जमिनीत ओढ्यातून पाणी उपसायला बंदी आली की संताप होतोच. पण बंदी कोणाच्या वशिल्याने आली, असा संशय सहसा नसतो. क्रम सगळ्यांना आधीपासून माहीत असतो.

आपल्याकडे नियम नाही असं कसं म्हणू? १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून सोडायचं, हे ठरलेलं आहे. तरी २०२३ मध्ये आदेश निघाल्यावर आंदोलनं झाली, कोर्टबाजी झाली, आणि नोव्हेंबर संपत आला तेव्हा कुठे पाणी सुटलं. वरच्या शेतकऱ्यालाही दोष देववत नाही, त्याची द्राक्षबागही पाण्यावरच उभी आहे. पण या सगळ्या भांडणात उसाची पायरी कोणती, हे मोठ्याने विचारायला हवं. वरही ऊस आहे आणि आमच्या खालीही.

इथे पाण्याची मंडळं, म्हणजे बांध आणि कालवे सांभाळणाऱ्या स्थानिक संस्था, निवडणुकीने ठरतात आणि भारतीय पासपोर्ट असला तरी इथल्या कायदेशीर रहिवाशाला त्यात मत देता येतं. पुढची निवडणूक मार्च २०२७ मध्ये आहे. शेतातले चर अडवून पावसाचं पाणी मुरवायला जो उमेदवार पैसे ठेवेल, त्याला माझं मत.