पडके आंबे थेट खड्ड्यात नकोत, आधी पिंपात

मे महिन्याच्या शेवटी मानकुराद आंब्याच्या झाडाखाली सडत पडलेली फळं गोळा करा, खड्ड्यात पुरा, वर दोन फूट माती लोटा, असं सगळेच सांगतात. सल्ला चुकीचा नाही. फळात अंडी घालणाऱ्या फळमाशीची अळी फळातून बाहेर पडून मातीत दोन-चार सेंटिमीटरवर कोष करते, त्यामुळे फळ तसंच राहिलं तर पुढची पिढी तुमच्याच भाटात (बागेत) तयार होते. पण त्याच फळात माशीचे शत्रूही वाढत असू शकतात, आणि पुरताना तेही पुरले जातात.

हे शत्रू म्हणजे परोपजीवी गांधीलमाश्या. नावावर जाऊ नका, त्या माणसाला चावायच्या भानगडीत पडत नाहीत आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या असतात. दोन महत्त्वाच्या. फोपियस अरिसानस फळमाशीच्या अंड्यावरच डल्ला मारते. मादी पाडाच्या फळावर मिशा आपटत फिरते, फळमाशीने टोचलेली जागा सापडली की थबकते आणि आपली बारीक नळी सालीतून आत घालून माशीच्या अंड्यात स्वतःचं अंडं ठेवते. अळी वाढते, कोष होतो, पण कोषातून माशीऐवजी फोपियस निघते. दुसरी डायाकॅस्मिमॉर्फा लाँजिकॉडाटा. हिची नळी शरीराहून लांब असते आणि ती वाढलेल्या अळीवर हल्ला करते. मोठ्या, जाड गराच्या आंब्यात अळी खोल असली की तिची नळी पोचत नाही. पेरू, करमल (स्टार फ्रूट) अशा लहान फळांत तिचं काम जास्त चांगलं होतं.

यांना वाचवायची युक्ती हवाईतली. पडकी फळं अशा जाळीखाली ठेवायची, जिच्यातून गांधीलमाशी सुटेल पण फळमाशी अडकेल. तिथे त्यासाठी तंबू उभारतात. चार-पाच झाडांच्या परसाला २०० लिटरची प्लास्टिकची पिंपं चालतात.

पिंपाच्या तळाला सहा-सात भोकं पाडा आणि आतून अगदी बारीक जाळी लावा, नाहीतर अळ्या रसाबरोबर खाली निसटतात. त्यावर १० सेंटिमीटर किंचित ओलसर रेती, मग सुक्या पानांचा थर आणि त्यावर फळं. निम्म्याच्या वर भरू नका. आंब्याचा रस साचला की अळ्या बुडून मरतात, आणि मेलेल्या अळीतून गांधीलमाशीही निघत नाही. म्हणून फळांच्या थरांमध्ये पातेरा (सुकी पानं) घालत राहायचा.

सगळं अडतं ते तोंडावरच्या जाळीपाशी. छिद्र साधारण ३ चौरस मिलिमीटरचं हवं. पॉलिहाऊसची ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) जाळी फारच बारीक, तिच्यात फळमाशी आणि गांधीलमाशी दोघीही कोंडून मरतात. शेडनेटची वीण ताणली की सैल होते आणि माश्या सुटतात. दुकानदाराच्या शब्दावर न जाता तुकडा आणून बाटलीच्या तोंडाला बांधा, आत पाच-सहा जिवंत फळमाश्या सोडा आणि रात्रभर ठेवा. एकही बाहेर आली तर ती जाळी नको. पास झालेली जाळी सायकलच्या जुन्या ट्यूबने घट्ट आवळायची.

फळं दर दोन दिवसांनी उचलावी लागतात, कारण पडल्यावर अळी लवकर मातीत जाते. एक पिंप आठवडाभरच भरायचं, मग ते बांधून दुसऱ्याला हात घालायचा. आधीच पूर्ण वाढलेल्या अळीचा कोष आठ-दहा दिवसांत फुटू शकतो. त्यानंतर नवी फळं टाकायला जाळी उघडली, की आतल्या माश्या तुमच्या तोंडासमोरून उडून जातात.

बांधलेलं पिंप निदान पाच आठवडे हलवू नका. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. आत माश्या मेलेल्या दिसल्या की लोक पिंप रिकामं करतात, पण फोपियस माशीपेक्षा काही दिवस उशिराच कोषातून निघते. घाई केली तर नेमकी तीच फेकली जाते.

पिंप सावलीत ठेवा. मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिकच्या आत कोष शिजतात. खाली स्टँड आणि त्याचे पाय पाण्याच्या करवंट्यांत, कारण मुंग्यांना अळी कोणाची याच्याशी देणंघेणं नाही. मिरग लागला की वर वीतभर उंचीवर पत्रा टाका.

शेवटी रेती चाळा. तांदळाच्या दाण्याएवढे तपकिरी रिकामे कोष मिळतील. माशी निघालेला कोष डबीचं झाकण उघडावं तसा गोल शिवणीवर फुटलेला असतो. गांधीलमाशी टोकाशी कुरतडून वेडंवाकडं भोक पाडते. शंभर कोष मोजा, म्हणजे तुमच्या भाटात मित्र आहेत की नाहीत ते कळेल. एकही कुरतडलेला नसेल तर पिंपाने फक्त माश्या अडवल्या असं समजा. तेही वाईट नाही.

यातून यंदाचा आंबा वाचणार नाही, हे आधीच सांगतो. फोपियस पोचते तोवर अंडं फळात गेलेलं असतं आणि अळी आंबा खातेच. पिंपाने कमी होते ती पुढची पिढी. शिवाय फळमाशी लांब उडते, त्यामुळे एका घराने पिंप ठेवून शेजारच्यांनी आंबे कुजवले तर फारसा फरक पडत नाही. निदान वाडीतली चार घरं एकत्र आली पाहिजेत.

मिथाईल युजेनॉलचे सापळे चालू ठेवा, ते नर फळमाश्यांना ओढतात. घात होतो तो अख्ख्या झाडावर मारलेल्या कीटकनाशकाने. फळावर चालत फिरणारी फोपियस त्यात आधी मरते. फवारायचंच असेल तर आमिष मिसळून पानांखाली ठिकठिकाणी ठिपके द्या, फळावर नको.

आयात केलेल्या किडीवर आयात केलेला शत्रू किती चालतो, ते पपईवर दिसलं. पपईचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये भारतात आढळला, २०१० मध्ये प्युर्तो रिकोहून असेरोफॅगस पपायी ही परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली आणि पीक सावरलं. आंब्याच्या माशीवर तितका झटपट निकाल मागू नये, कारण तिला झाडं अनेक. आंबा संपला की ती पेरू, करमल, जांब धरते. म्हणून पावसात पिंप धुऊन उपडं घालू नका. पडक्या पेरूंनी ते भरत राहा, आणि कुंपणाशी तुळस, बडीशेप फुलू द्या. गांधीलमाशीला अंडी घालायला अळी लागते, पण पोटाला मधच लागतो.